शिवी खेळाला की जन्माला?

२१ मे २०२३ चा दिवस. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरातले मेस्ताया स्टेडियम. यजमान व्हॅलेन्सिया आणि रिआल माद्रिद यांच्यातला फुटबॉलचा सामना चालू होता. माद्रिदकडून खेळणारा ब्राझीलचा कृष्णवर्णीय खेळाडू विनिसियस ज्युनिअर एकाएकी खेळ सोडून गोलजाळ्यामागच्या प्रेक्षकांकडे बोट दाखवीत उभा राहिला. तिथून त्याच्या दिशेने माकडाचे आवाज काढले जात होते. त्याने पंचांना बोलावून माणूस दाखवला. सामना काही मिनिटे थांबला, ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना समज देण्यात आली आणि खेळ पुन्हा सुरू झाला. शेवटच्या काही मिनिटांत दोन्ही बाजूंच्या खेळाडूंत झोंबाझोंबी झाली. विरुद्ध संघाच्या एका खेळाडूने विनिसियसची मान आवळली. मग लाल कार्ड कोणाला मिळाले? विनिसियसला! ज्याला माकड म्हटले गेले, त्यालाच मैदानाबाहेर काढण्यात आले.

पुढे ते लाल कार्ड रद्द झाले, ही गोष्ट खरी. परंतु त्या रात्री सगळ्या जगाने जे पाहिले ते असे की, अपमान करणारे हजारो लोक आपापल्या खुर्चीवर बसून राहिले आणि अपमान झालेला माणूस मैदानाबाहेर चालता झाला. स्पॅनिश लीगच्या अध्यक्षांनी तर समाजमाध्यमावर विनिसियसलाच चार शब्द सुनावले आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. दुसऱ्या दिवशी ब्राझीलमध्ये रिओ शहरातल्या ख्रिस्ताच्या प्रचंड पुतळ्यावरचे दिवे तासभर मालवून निषेध करण्यात आला.

वाचकहो, आमच्या पानावर फुटबॉलचा विषय कसा, असा प्रश्न आपल्याला पडेल. आपल्या वस्त्यांमधली पोरे क्रिकेट आणि कबड्डी खेळतात. युरोपातल्या प्रेक्षकांनी कोणाला काय म्हटले याच्याशी आपल्याला काय देणेघेणे? आम्ही म्हणतो, देणेघेणे आहे आणि ते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून आपल्या दोन समाजांच्या स्थितीतले साम्य दाखवले होते. १९७२ साली मुंबईत जी दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. काळ्या माणसाच्या अंगावर फेकलेली शिवी आम्हाला परकी वाटत नाही. तिचा आवाज आम्ही गावाच्या वेशीवर पिढ्यान् पिढ्या ऐकला आहे.

दुसरे असे की, युरोपाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या अंगणात पाहावे लागते. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स भारतात खेळायला आला, तेव्हा बडोद्याच्या आणि नंतर आमच्या मुंबईच्या वानखेडे स्टेडियममध्ये त्याच्यावर माकडाचे आवाज काढले गेले. सायमंड्सच्या अंगात कॅरिबियन रक्त होते आणि त्याचा वर्ण इतर ऑस्ट्रेलियन खेळाडूंपेक्षा गडद होता, एवढाच त्याचा गुन्हा. माकड म्हणणे ही आपल्याकडे शिवीच नव्हे, असे समर्थनही त्या वेळी ऐकायला मिळाले! ज्यांचे आजोबा गोऱ्या साहेबाच्या क्लबाबाहेर उभे राहिले, त्यांचे नातू काळ्या माणसाला माकड म्हणू लागले. हा रोग एकट्या युरोपाचा नाही.

गोंगाटाला आमचा विरोध नाही

प्रश्न असा विचारला जातो की, फुटबॉलचे प्रेक्षक ज्या शिव्यागाळीच्या घोषणा देतात, त्या फार होतात का? त्यांना आवर घालावा का? या प्रश्नाला प्रतिष्ठित मंडळींचे ठरलेले उत्तर असते. ही मजुरांची, अडाण्यांची, दारुड्यांची गर्दी आहे, हिला शिस्त लावा. आम्हाला हे उत्तर मान्य नाही.

फुटबॉल हा इंग्लंडातल्या गिरणी कामगारांचा, गोदी कामगारांचा, खाण कामगारांचा खेळ म्हणून वाढला. आठवडाभर मालकासमोर गप्प राहणारा माणूस शनिवारी दुपारी मैदानात मोकळेपणाने ओरडत असे. पंच आंधळा आहे, विरुद्ध संघाचा गोलरक्षक लोण्याच्या हातांचा आहे, तुमच्या क्लबाला कुत्रे विचारत नाही, असे तो म्हणायचा आणि आजही म्हणतो. त्यात चावटपणा असतो, कधी कधी असभ्य शब्दही असतात. त्यावाचून खेळाला रंग येत नाही. आम्ही स्वतः घोषणांवर वाढलेले लोक आहोत. नामांतराच्या लढ्यात आमच्या घोषणा प्रस्थापितांच्या कानाला गोड लागत नव्हत्या. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला, तेव्हा त्यातल्या शब्दांनी पांढरपेशा वाचकांना घेरी आली होती. त्यामुळे केवळ शब्द शिवराळ आहे म्हणून तो वाईट, हे आम्ही कधीच मान्य केले नाही आणि करणार नाही. शब्द कोणाच्या तोंडचा आहे, कोणावर आहे आणि कशासाठी आहे, हे पाहावे लागते. खालच्याने वरच्याविरुद्ध काढलेला ओरडा आणि वरच्याने खालच्याच्या तोंडावर मारलेली थुंकी या दोहोंना एकच नाव देता येत नाही.

मग रेष कुठे ओढायची? यासाठी आम्हाला युरोपात जावे लागत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी श्रावस्तीत ही रेष ओढून झाली आहे. सुत्तनिपातातले वसल सुत्त आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकले असेल. तथागत भिक्षेसाठी निघाले असता अग्गिक भारद्वाज नावाच्या, अग्नीची पूजा करणाऱ्या ब्राह्मणाने त्यांना दुरूनच अडवले आणि मुंडक्या, वसल, म्हणजे नीच, अशी हाक मारली. तथागत रागावले नाहीत. परंतु ते ऐकून न ऐकल्यासारखे करून पुढेही गेले नाहीत. ते तिथेच थांबले आणि त्यांनी विचारले की, नीच कोण आणि कशामुळे होतो हे तुला ठाऊक आहे काय? मग त्यांनी एकेक लक्षण सांगितले. चोरी करणारा, घेतलेले कर्ज बुडवणारा, म्हाताऱ्या आईबापांना न सांभाळणारा असा तो नीच. जन्म हे लक्षण त्या यादीत कुठेच नाही, माणसाची करणी तेवढी आहे.

आमची कसोटी हीच. खेळाडूने चेंडू गमावला, त्याला हुर्यो करा. त्याने खोटे लोळण घेऊन पंचाला फसवले, त्याला ढोंगी म्हणा. तो पैशासाठी क्लब सोडून गेला, त्याला गद्दार म्हणा. हे त्याच्या करणीवर आहे आणि त्याचे उत्तर तो पुढच्या गोलाने देऊ शकतो. पण त्याची कातडी, त्याचे कुळ, त्याचे गाव, त्याचा धर्म यांवर शिवी दिली की तिला उत्तरच नसते. दहा गोल केले तरी कातडी बदलत नाही. ज्या आरोपाचे निवारण जन्मभर करता येत नाही, तो आरोप म्हणजे अस्पृश्यता. मग ती चावडीवर असो की स्टेडियममध्ये.

केळे, साबण आणि वास

१९८८ साली लिव्हरपूल आणि एव्हर्टन या एकाच शहरातल्या दोन संघांच्या सामन्यात लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सकडे प्रेक्षकांतून केळे फेकण्यात आले. जमैकात जन्मलेल्या बार्न्सने ते टाचेने बाजूला उडवले आणि तो खेळत राहिला. ते छायाचित्र जगभर गाजले. सगळ्यांनी बार्न्सच्या शांतपणाचे कौतुक केले. केळे फेकणाऱ्याचे काय, हा प्रश्न त्या कौतुकात वाहून गेला.

२००६ साली स्पेनमध्ये सारागोसाच्या मैदानावर कॅमेरूनचा सॅम्युएल एटो असल्याच आवाजांना विटून मैदान सोडायला निघाला, तेव्हा त्याच्याच सहकाऱ्यांनी आणि पंचांनी त्याला समजावून परत आणले. २०२० च्या फेब्रुवारीत पोर्तुगालमध्ये पोर्तो संघाचा मुसा मारेगा गोल केल्यावर असाच निघाला. त्याचे स्वतःचे सहकारी त्याला धरून ओढत होते, थांब म्हणत होते, आणि पंचांनी त्याला पिवळे कार्ड दाखवले होते. त्याआधी २०१३ साली इटलीतल्या बुस्तो आर्सिझिओ या गावी एका मैत्रीपूर्ण सामन्यात केव्हिन प्रिन्स बोआटेंग चेंडू प्रेक्षकांत मारून बाहेर पडला. त्या वेळी मात्र मिलानचा सगळा संघ त्याच्यामागे मैदान सोडून गेला. एटो आणि मारेगाच्या वेळी सहकारी आडवे आले, बोआटेंगच्या वेळी ते सोबत गेले. हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. अपमान झालेल्या माणसाला ‘जाऊ दे, खेळ’ म्हणणारे मित्र पुष्कळ असतात. त्याच्याबरोबर उठून जाणारे थोडे असतात. बहिष्कार सोसलेल्या आपल्या लोकांना हा अनुभव काही नवा नाही.

इटलीचे उदाहरण आणखी बोलके आहे. दक्षिणेतले नेपल्स हे गरीब बंदराचे शहर, उत्तरेतली मिलान आणि तुरिन ही कारखानदारीची श्रीमंत शहरे. नेपल्सचा नापोली संघ उत्तरेत खेळायला गेला की नेपल्सच्या माणसाच्या अंगाच्या वासावरून, साबणावरून, कॉलऱ्यावरून गाणी म्हटली जातात. नेपल्सजवळ व्हेसुव्हिअस हा ज्वालामुखी आहे. त्याने या लोकांना आगीने धुऊन काढावे अशी प्रार्थना करण्यात येते. लक्षात घ्या, इथे दोघेही गोरे, दोघेही ख्रिस्ती, दोघेही इटालियन. तरी एकाला दुसऱ्याचा विटाळ होतो! घाण, वास, रोग, धुणे हे सारे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. ज्याच्याकडून कष्टाची कामे करून घ्यायची त्यालाच घाणेरडा ठरवायचे, ही युक्ती केवळ मनूला सुचली असे नाही. फरक एवढाच की, मनूने तिला धर्माचा शिक्का मारून कायम केले.

या नापोली संघात कालिदू कुलिबाली हा सेनेगलचा बचावपटू अनेक वर्षे खेळला. २६ डिसेंबर २०१८ रोजी मिलानमध्ये इंटर संघाविरुद्धच्या सामन्यात त्याच्यावर माकडाचे आवाज काढले जात होते. सामना थांबवा, असे नापोलीने तीनदा सांगितल्याचे त्यांच्या प्रशिक्षकांनी नंतर जाहीर केले. सामना थांबला नाही. पिवळे कार्ड मिळाल्यावर वैतागलेल्या कुलिबालीने पंचांसमोर उपरोधाने टाळ्या वाजवल्या आणि त्याला बाहेर काढण्यात आले. इंटरला पुढे प्रेक्षकांविना सामने खेळण्याची शिक्षा झाली, पण कुलिबालीलाही सामन्यांची बंदी भोगावी लागली. विनिसियसला लाल कार्ड, मारेगाला पिवळे कार्ड, कुलिबालीला लाल कार्ड. फिर्यादीलाच आरोपी करण्याची ही रीत अॅट्रॉसिटीची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेलेल्या आपल्या माणसाला चांगली माहीत आहे. तो घरी परतण्याआधी त्याच्याविरुद्ध मारहाणीचा नाही तर चोरीचा उलट गुन्हा तयार असतो.

जिंकलात तर आमचे, हरलात तर तुमच्या जातीचे

११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये युरोपियन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड इटलीकडून पेनल्टीवर हरले. मार्कस रॅशफर्ड, जेडन सांचो आणि बुकायो साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या. तिघेही कृष्णवर्णीय. साका तर अवघा १९ वर्षांचा. त्या रात्री त्यांच्यावर मोबाइलवरून वंशद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. मँचेस्टरमध्ये भिंतीवर रंगवलेले रॅशफर्डचे चित्र विद्रूप करण्यात आले. हा तोच रॅशफर्ड, ज्याने २०२० साली सरकारशी भांडून गरीब मुलांना सुट्टीतही शाळेचे मोफत जेवण मिळवून दिले होते. आदल्या दिवशीपर्यंत ही पोरे इंग्लंडची होती. एक चेंडू चुकला आणि ती काळी झाली.

याला महिनाही झाला नव्हता. ४ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारताचा महिला हॉकी संघ अर्जेंटिनाकडून हरला. त्या संघातली वंदना कटारिया ही उत्तराखंडमधील हरिद्वारजवळच्या रोशनाबादची. चारच दिवसांपूर्वी तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी मे महिन्यात तिचे वडील वारले आणि सराव शिबिरामुळे तिला त्यांचे अंत्यदर्शनही घेता आले नव्हते. अशा मुलीच्या घरासमोर भारत हरल्यावर काही जणांनी फटाके फोडले, नाच केला आणि जातिवाचक शिव्या दिल्या. संघात दलित खेळाडू फार झाले म्हणून भारत हरला, असे ते म्हणत असल्याची तक्रार तिच्या कुटुंबाने पोलिसांत दिली. गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या. वंदना मात्र दोनच दिवसांनी ब्रिटनविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात उतरली आणि तिने तिथेही गोल केला.

वेम्ब्ली आणि रोशनाबाद यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे. मनोवृत्ती मात्र एक. सवर्णाची चूक ही एका माणसाची चूक असते, आमची चूक ही सगळ्या जातीची चूक ठरते. कचेरीत एखाद्या सवर्ण अधिकाऱ्याची फाइल चुकली तर त्याला कामाचा ताण होता. आमच्या माणसाची चुकली तर तो ‘कोट्यातला’ असतो. हा शब्द हळू आवाजात, चहाच्या टपरीवर, हसत हसत उच्चारला जातो. स्टेडियममधल्या माकडाच्या आवाजाचाच तो सुशिक्षित भाऊ आहे.

आमच्या इतिहासातही याची साक्ष आहे. पुण्याच्या मैदानावर पळवणकर बाळू गोलंदाजी करीत, तेव्हा त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्णांना चालत असे. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी कपाची शिवाशिव लगेच संपली नाही. खेळ समता आणतो असे म्हणणाऱ्यांनी त्या मातीच्या भांड्याला विसरू नये.

‘दुर्लक्ष करा’ म्हणणारे

आता समर्थकांचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, हा विनोद आहे. ते म्हणतात, प्रतिस्पर्ध्याला डिवचण्यासाठी काहीही बोलतात, मनात तसे नसते. आणि सर्वांत शहाणे म्हणतात, दुर्लक्ष करा.

विनोद असेल तर हसणारे दोघेही हवेत. एक हसतो आणि दुसरा रडतो, त्याला विनोद म्हणत नाहीत. २०२४ च्या मार्चमध्ये स्पेन आणि ब्राझील यांच्यातल्या सामन्याआधी पत्रकार परिषदेत विनिसियस रडला. लाखो लोक ज्याच्या पायांवर जीव टाकतात, तो जवान पोरगा खेळण्याची इच्छाच कमी होत चालली आहे, असे सांगत होता. मनात नसते, असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, मग डिवचण्यासाठी नेमकी हीच शिवी का सुचते? ती लागते हे ठाऊक असते म्हणूनच ना? आणि ती लागते, कारण तिच्यामागे गुलामीची शतके उभी आहेत.

दुर्लक्ष करा म्हणणारे कधी कधी बुद्धाचाही दाखला देतात. राजगृहात अक्कोसक भारद्वाजाने शिव्या दिल्या तेव्हा तथागतांनी त्याला विचारले होते की, पाहुण्यांपुढे ठेवलेले अन्न त्यांनी घेतले नाही तर ते कोणाचे? ते ज्याचे त्याच्याकडेच राहते, तशी तुझी शिवी तुझ्याकडेच राहिली. गोष्ट मोलाची आहे. पण तो ब्राह्मण एकटा आला होता, समोर आला होता आणि त्याला नाव होते. म्हणून त्याच्याशी बोलता आले, आणि पुढे तो भिक्षूही झाला. चाळीस हजारांच्या गर्दीला नाव नसते, तोंड नसते. तिच्याशी संवाद होत नाही. गर्दीत माणूस आपली लाज घरी ठेवून येतो. तिथे केवळ व्यक्तीचे मन शांत असून भागत नाही, कायदा लागतो. म्हणूनच बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला आणि संविधानही दिले. अस्पृश्यता मनातून जाईल तेव्हा जाईल असे म्हणून ते थांबले नाहीत. अनुच्छेद १७ ने ती गुन्हा ठरली.

इंग्लंडने हा धडा उशिरा का होईना गिरवला. १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरो स्टेडियममध्ये झालेल्या चेंगराचेंगरीनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी जो अहवाल दिला, त्यात वंशद्वेषी घोषणा गुन्हा ठरवण्याची शिफारस होती. त्याप्रमाणे १९९१ साली कायदा झाला. पण त्यात एक भोक होते. घोषणा म्हणजे दोन किंवा अधिक जणांनी मिळून दिलेली, अशी व्याख्या होती. एकटा ओरडला तर या कायद्यातून सुटत असे. १९९९ साली ती व्याख्या बदलली आणि एकट्याचा आवाजही गुन्हा ठरला. आम्हाला ही दुरुस्ती फार महत्त्वाची वाटते. ‘सगळेच ओरडत होते’ ही पळवाट तिने बंद केली.

आपल्याकडे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा जातीवरून सार्वजनिक ठिकाणी केलेला अपमान गुन्हा मानतो. २०१५ च्या दुरुस्तीने जातीचे नाव घेऊन दिलेली शिवी स्वतंत्र कलमात आली. पण अपमान लोकांच्या दृष्टीसमोर झाला का, हेतू होता का, यावर न्यायालयात कीस काढला जातो. चार भिंतींच्या आड, बाहेरचा साक्षीदार नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका प्रकरणात म्हटले. स्टेडियममध्ये निदान कॅमेरे असतात. आपल्या शेताच्या बांधावर कॅमेरा कुठून आणायचा?

दंड कोणाला आणि किती

कायदा असून भागत नाही, तो चालवणाऱ्यांची नियत लागते. २०१२ साली पोर्तोच्या प्रेक्षकांनी मँचेस्टर सिटीच्या मारिओ बालोतेलीवर वंशद्वेषी आवाज काढले म्हणून युरोपियन संघटनेने पोर्तोला २० हजार युरो दंड केला. त्याच स्पर्धेत स्पोर्टिंग लिस्बनविरुद्धच्या सामन्यात मँचेस्टर सिटीचा संघ मैदानात थोडा उशिरा आला म्हणून त्यांना ३० हजार युरो दंड! आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या निकलास बेंटनरने गोल केल्यावर चड्डीवरची जाहिरात दाखवली, त्याला एक लाख युरो दंड! माणसाच्या इज्जतीपेक्षा जाहिरातदाराची इज्जत पाचपट महाग. मेस्तायाच्या प्रकरणात व्हॅलेन्सिया क्लबाला ४५ हजार युरो दंड झाला होता, तो कमी करून २७ हजार करण्यात आला. प्रेक्षकांच्या एका भागाला पाच सामन्यांची बंदी होती, ती तीनवर आली. बड्या क्लबातल्या नामांकित खेळाडूच्या आठवड्याच्या पगाराएवढीही ही रक्कम नाही.

तरी एक गोष्ट घडली. जून २०२४ मध्ये त्या सामन्यातल्या तीन प्रेक्षकांना आठ महिन्यांची कैद आणि दोन वर्षांची स्टेडियमबंदी अशी शिक्षा झाली. स्पेनमध्ये फुटबॉल स्टेडियममधल्या वंशद्वेषी शिवीबद्दल झालेली ही पहिली शिक्षा. दोन वर्षांहून कमी शिक्षा असल्याने पहिल्या गुन्ह्यात तिथे सहसा तुरुंगात जावे लागत नाही, हे खरे. पण तीन माणसांना नावाने कोर्टात उभे राहावे लागले. गर्दीला तोंड मिळाले. हे कशामुळे झाले? एका खेळाडूने बोट दाखवून ‘हा’ असे म्हटले म्हणून. तो दुर्लक्ष करून खेळत राहिला असता तर काहीच झाले नसते.

इथे सावधगिरीचाही एक शब्द. स्कॉटलंडमध्ये सेल्टिक हा आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिकांचा क्लब, रेंजर्स हा प्रॉटेस्टंटांचा. दुष्काळाने देशोधडीला लागून आलेल्यांच्या वंशजांना दीडशे वर्षांनंतर परत जायला सांगणारे एक गाणे रेंजर्सचे काही पाठीराखे म्हणत. ते वंशद्वेषी असल्याचे तिथल्या न्यायालयाने २००९ साली ठरवले. हे योग्यच झाले. पण २०१२ साली तिथे आणलेला नवा कायदा एवढा ढगळ होता की, कोणते गाणे गुन्हा आणि कोणते राजकीय मत हेच कळेना. अखेर २०१८ साली तो रद्द झाला. घोषणा देणाऱ्यांवर पोलीस सोडणे सत्तेला नेहमीच आवडते, आणि मोर्चात उतरणाऱ्या आपल्या लोकांना त्याची किंमत ठाऊक आहे. म्हणून सगळी असभ्यता गुन्हा करा, असे आम्ही म्हणत नाही. जन्मावरची शिवी गुन्हा करा, तिची व्याख्या नेमकी ठेवा आणि ती देणाऱ्याला एकट्याला पकडा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जन्माइतकीच मृत्यूची मर्यादाही पाळली पाहिजे. हिल्सबरोत ९७ माणसे मेली. वर्षानुवर्षे त्यांनाच दोष देण्यात आला आणि २०१६ साली ज्युरीने ते बेकायदा मारले गेले असे सांगेपर्यंत त्यांच्या आईबापांनी २७ वर्षे झगडा केला. तरी त्या मृतांवरून विरुद्ध संघाचे पाठीराखे गाणी म्हणतात. १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात गेलेल्या मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंवरूनही म्हणतात. रमाबाई नगरात १९९७ साली गोळ्यांनी पडलेल्या आपल्या माणसांवरून कोणी टाळ्या वाजवून गाणे म्हटले, तर आम्ही त्याला खेळातली गंमत म्हणू काय?

आणि आपण?

लेख इथे संपवला असता तर सोपे होते. दोष युरोपाचा, दोष सवर्णांचा, आपण निर्दोष. पण कसोटी लावायची तर ती स्वतःलाही लागते.

जयंतीच्या निमित्ताने आपल्या वस्त्यांत कबड्डीच्या स्पर्धा भरतात. व्यासपीठावर बुद्ध, फुले, शाहू, बाबासाहेब, सावित्रीमाई, रमाई यांच्या प्रतिमा असतात. चढाईत एखाद्याची पकड झाली, पंचाचा निर्णय पटला नाही की शिवी येते, आणि ती कोणावर असते? आईवर, बहिणीवर. त्या बाईने ना चढाई केली, ना निर्णय दिला. ती घरी भाकरी थापत असते, नाही तर तिथेच कडेला पोर कडेवर घेऊन उभी असते. तिचा गुन्हा एवढाच की ती बाई म्हणून जन्मली. ही जन्मावरची शिवी नव्हे काय? एखादा मुलगा नाजूक चालतो म्हणून त्याला टाळ्या वाजवून दाखवतो, एखाद्याला त्याच्या पोटजातीवरून टोमणा मारतो, ते काय असते? श्रेणीबद्ध विषमतेचे वैशिष्ट्यच हे की, प्रत्येकाला आपल्याखाली कोणीतरी सापडते. उत्तर इटलीचा कामगार नेपल्सच्या कामगाराला हिणवतो तो याच नियमाने, आणि आपणही कधी कधी त्याच नियमाने वागतो.

अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे. तिचा अर्थ तोंड बंद ठेवा असा नाही. बाबासाहेबांचे बोलणे मवाळ नव्हते आणि जोतिरावांचेही नव्हते. सत्य बोलावे, परंतु कोणाला त्याच्या जन्मावरून तोडू नये, असा आम्ही तिचा अर्थ घेतो. आपल्या तरुणांनी खेळावे, भरपूर ओरडावे, पंचाला आंधळा म्हणावे. पण मंडळांनी स्पर्धेच्या नियमपत्रकात एक ओळ वाढवावी. जात, धर्म, वर्ण, बाई यांवरून शिवी देणारा खेळाडू किंवा प्रेक्षक मैदानाबाहेर जाईल, मग तो आपल्याच संघाचा का असेना. आणि अशी शिवी कानावर आली तर शेजारच्याने ‘जाऊ दे’ म्हणू नये. बोट दाखवावे आणि ज्याला ती बसली त्याच्याबरोबर उभे राहावे.

येत्या जयंतीच्या स्पर्धांपासून याची सुरुवात झाली, तर युरोपाला चार शब्द सांगण्याचा अधिकार आपल्याला नक्कीच असेल.

जयभीम!